कार्बनचे विमान आणि विजेची वाट

थॉमस एडिसनने १८७९ साली जो दिवा यशस्वीपणे पेटवून दाखवला, त्याच्या आतली तार धातूची नव्हती. साधा सुती धागा हवेविना तापवून त्याचा कार्बन केलेला होता, आणि पुढच्याच वर्षी त्या धाग्याची जागा बांबूच्या तंतूने घेतली. म्हणजे कार्बनच्या तंतूला अभियांत्रिकीत पहिले काम मिळाले ते त्याच्या बळकटीमुळे नव्हे, तर वीज वाहताना तो तापतो आणि उजळतो या गुणामुळे. आज हाच तंतू, अर्थात फार सुधारलेल्या रूपात, प्रवासी विमानांचा सांगाडा झाला आहे. २०११ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७८७ च्या रचनेच्या वजनातला जवळपास निम्मा भाग, आणि २०१५ मध्ये सेवेत आलेल्या एअरबस ए३५० मधला ५० टक्क्यांहून थोडा अधिक भाग, संमिश्र पदार्थांचा म्हणजे कॉम्पोझिटचा आहे, आणि त्यातही मोठा वाटा कार्बन तंतूंचा आहे. विमान बांधणारे हा पदार्थ निवडतात ते हलकेपणा, ताकद आणि गंज न चढण्याच्या गुणासाठी. परंतु त्याचा तो जुना विद्युत स्वभाव त्याच्याबरोबर विमानात येतोच.

हा स्वभाव समजून घ्यायचा तर आधी ॲल्युमिनियमने विमानाला काय दिले होते ते पाहावे लागते. ॲल्युमिनियमच्या विमानाचे बाह्य कवच मुळात भार पेलण्यासाठी आणि हवेला आकार देण्यासाठी असते. पण ॲल्युमिनियम उत्तम वाहक असल्यामुळे त्याच कवचाकडून आणखी कितीतरी कामे आपोआप होत होती. आकाशातली वीज कोसळली तर ते तिला बाहेरच्या बाहेर वाट करून देई. बाहेरच्या रेडिओ लहरी आतल्या उपकरणांपर्यंत पोहोचू देत नसे. दिव्यापासून पंपापर्यंत प्रत्येक विद्युत उपकरणाच्या प्रवाहाला परतीची वाट देई. अँटेनांना पाया पुरवी. आणि घर्षणाने साचणारा विद्युतभार साऱ्या पृष्ठभागावर पसरवून टाकी. या कामांसाठी एक ग्रॅमही वेगळे वजन वाहावे लागत नव्हते. कार्बन संमिश्राकडे वळल्यावर यातले प्रत्येक काम नव्याने, हिशेब मांडून, जास्तीचे साहित्य घालून करून घ्यावे लागते. माझ्या मते या विषयाचा गाभा इथेच आहे.

कार्बन संमिश्र म्हणजे दोन अगदी विरुद्ध स्वभावांच्या पदार्थांचा संसार असतो. त्यातला एक म्हणजे तंतू. विमानासाठी वापरले जाणारे बहुतेक तंतू पॉलिॲक्रिलोनायट्राइल नावाच्या बहुवारिकाचे, म्हणजे पॉलिमरचे, धागे हजार अंश सेल्सिअसच्या वर तापवून तयार करतात. त्या तापमानाला बाकीची मूलद्रव्ये निघून जातात आणि उरलेले कार्बनचे अणू ग्राफाइटसारख्या षटकोनी जाळीच्या पापुद्र्यांत मांडले जातात. अशा पापुद्र्यात प्रत्येक अणूचा एक इलेक्ट्रॉन कोणा एकाला बांधलेला नसतो, तो पापुद्राभर हिंडू शकतो, आणि हे पापुद्रे मुख्यतः तंतूच्या लांबीला धरून लागलेले असल्यामुळे तंतू लांबीच्या दिशेने वीज वाहून नेतो. एका तंतूचा व्यास ५ ते ७ मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक. दुसरा पदार्थ म्हणजे हे तंतू एकत्र धरून ठेवणारी राळ, बहुधा इपॉक्सी. ती इतकी चांगली विसंवाहक आहे की विद्युत मंडलांच्या पट्ट्यांमध्येही तिचा वापर होतो. तयार पदार्थाच्या घनफळात साधारण ६० टक्के तंतू आणि उरलेली राळ असते.

एका थरात सगळे तंतू एकाच दिशेने लावलेले असतील, तर त्या थराची वाहकता किती, या प्रश्नाला एक उत्तर नसते. आधी विचारावे लागते, कोणत्या दिशेने? तंतूंच्या दिशेने ती काही दहा हजार सीमेन्स प्रति मीटर भरते (हे वाहकतेचे एकक, आकडा जितका मोठा तितकी वीज सहज वाहते). त्याच प्रतलात तंतूंना आडवे गेल्यास ती काही दहा किंवा फार तर काही शेकड्यांवर येते. आणि एका थरातून दुसऱ्या थरात, म्हणजे जाडीच्या दिशेने जायचे तर अनेकदा एकअंकी आकड्यांपर्यंत घसरते. विमानात वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंची वाहकता २ कोटींच्या आसपास असते, आणि ती सर्व दिशांना सारखी असते. म्हणजे कार्बन संमिश्र त्याच्या सर्वांत चांगल्या दिशेनेही ॲल्युमिनियमच्या जवळपास हजारपट मागे, आणि सर्वांत वाईट दिशेने तर लाखो पट मागे आहे.

बारीक नळ्यांची एक मोळी डोळ्यांसमोर आणावी. नळ्यांच्या लांबीने पाणी सहज धावते. पण एका नळीतून शेजारच्या नळीत जायचे असेल, तर जिथे दोन नळ्या एकमेकींना टेकल्या आहेत आणि तिथे फट आहे, तेवढ्याच जागी ते शक्य होते. कार्बनचे तंतूही कागदावरच्या रेषांसारखे सरळ नसतात. ते किंचित वाकतात, वळतात आणि अधूनमधून शेजारच्या तंतूला स्पर्श करतात. आडव्या दिशेने जी काही वीज वाहते ती या अपघाती स्पर्शांच्या साखळीतून. म्हणूनच आडवी वाहकता एकाच कारखान्यातल्या दोन तुकड्यांमध्येही वेगळी येऊ शकते, आणि मोजमाप करणाऱ्याला तंतूंच्या टोकांशी नीट संपर्क साधला आहे की नाही याची काळजी घ्यावी लागते, नाहीतर तो पदार्थाचा नव्हे, स्वतःच्या जोडणीचा रोध मोजत बसतो.

प्रत्यक्ष विमानात थर एकाच दिशेने लावत नाहीत. एक थर लांबीने, पुढचे ४५ अंशांत डावीकडे आणि उजवीकडे, आणखी एक आडवा, अशी रचना करून भार सर्व दिशांनी पेलला जाईल असे पाहतात, आणि त्यामुळे पत्र्याच्या प्रतलात सरासरी वाहकता दहा हजारांच्या आसपास स्थिरावते. जाडीच्या दिशेचा प्रश्न मात्र सुटत नाही. उलट तो थोडा बिघडतो, कारण पडलेल्या हत्याराचा किंवा गारांचा मार बसून थर सुटू नयेत म्हणून अनेक आधुनिक संमिश्रांत दोन थरांच्या मध्ये चिवट प्लास्टिकच्या कणांची पातळ पट्टी ठेवलेली असते. ताकदीच्या दृष्टीने ही पट्टी वरदान आहे. विजेच्या दृष्टीने ती प्रत्येक थरामध्ये बांधलेली भिंत आहे.

आता दुसरी गोष्ट. या पदार्थाचे वागणे दिशेप्रमाणे बदलते तसेच ते लहरीच्या वारंवारतेप्रमाणेही बदलते. बदलता विद्युतचुंबकीय प्रभाव वाहकात किती खोल शिरतो, ते वाहकता आणि वारंवारता या दोहोंवर ठरते: दोन्हींपैकी काहीही वाढले की खोली कमी होते. वारंवारता १ मेगाहर्ट्झ असेल, तर शुद्ध ॲल्युमिनियममध्ये ही खोली मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी येते, पण दहा हजार सीमेन्स प्रति मीटर वाहकतेच्या कार्बन संमिश्रात ती ५ मिलिमीटर येते. विमानाचे कवच अनेक ठिकाणी २ ते ३ मिलिमीटर जाडीचे असते. म्हणजे या वारंवारतेला ॲल्युमिनियमचे कवच पक्की भिंत आहे आणि कार्बनचे कवच पातळ पडद्यासारखे आहे. वारंवारता १ गिगाहर्ट्झपर्यंत वाढवली की चित्र पालटते. तेथे कार्बन संमिश्रातही खोली एक पंचमांश मिलिमीटरहून कमी होते, आणि रडारच्या लहरींना तोच पत्रा जवळजवळ धातूसारखा परतवून लावतो. एकच पदार्थ रडारपुढे धातू आणि मंद बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रापुढे अर्धपारदर्शक ठरतो, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही.

मराठीत दिव्यात वाहते तीही वीज आणि आभाळातून पडते तीही वीज. या लेखात दोघींची गाठ पडते म्हणून हे सांगून ठेवतो. प्रवासी विमानावर सरासरी वर्षातून एकदा आकाशातली वीज पडते. बहुतेक वेळा तिला निमंत्रण विमानानेच दिलेले असते, कारण विद्युतभारित ढगांच्या क्षेत्रात शिरलेल्या विमानाच्या टोकदार भागांवर क्षेत्र एकवटते आणि तेथूनच ठिणगीची वाट दोन्ही दिशांना वाढू लागते. वीज एका टोकातून, उदाहरणार्थ नाकाकडून, शिरते आणि शेपटीकडून किंवा पंखाच्या टोकाकडून निघून जाते. हा सगळा प्रकार अर्ध्या सेकंदापर्यंत चालू शकतो आणि तेवढ्यात विमान पन्नासेक मीटर पुढे गेलेले असते, त्यामुळे विजेचा संपर्कबिंदू कवचावरून मागे मागे सरकत जातो आणि धडावर ओळीने डाग पडतात. विमानांच्या चाचण्यांसाठी ठरवलेल्या प्रमाण तडाख्यात पहिल्या झटक्याचा शिखरप्रवाह २ लाख अँपिअर धरलेला आहे. हे शिखर काही मायक्रोसेकंदांत गाठले जाते, आणि त्यानंतर काही शेकडा अँपिअरचा प्रवाह एक सेकंदापर्यंत रेंगाळू शकतो.

ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर असा तडाखा बसला तर थोडा धातू वितळतो, कधी लहानसे भोक पडते, आणि प्रवाह चहूकडे पसरून जातो. कार्बन संमिश्रावर तो पसरूच शकत नाही. वरच्या थरातल्या तंतूंना धरून तो दोन दिशांना धावतो, खालच्या थरात जायची वाट त्याला जवळजवळ नसते, आणि रोध जास्त असल्यामुळे वाटेतली राळ क्षणात शेकडो अंशांपर्यंत तापते. राळ जळते, तिचा वायू होतो, आणि हा वायू दोन थरांच्या मध्ये कोंडला गेल्यामुळे आतून दाब देऊन थर फोडून काढतो. वरचे तंतू पिंजलेल्या कापसासारखे उभे राहतात. वरून दिसणारा डाग लहान आणि आतली सुटलेली जागा मोठी, असे अनेकदा घडते, आणि म्हणूनच वीज पडलेल्या कार्बनच्या भागाची नुसती डोळ्यांनी तपासणी पुरत नाही, त्याच्यावर श्राव्यातीत ध्वनीची, म्हणजे अल्ट्रासाऊंडची, चाचणी करावी लागते.

यावरचा रूढ उपाय म्हणजे सर्वांत वरच्या थरावर, रंगाच्या खाली, तांब्याची अतिशय पातळ जाळी बसवणे. ती काय करते ते आकड्यांनी पाहण्यासारखे आहे. प्रति चौरस मीटर १०० ग्रॅम तांबे सलग पसरवले, तर त्याचा थर जेमतेम ११ मायक्रोमीटर जाडीचा होतो. पण तांब्याची वाहकता ५ कोटी ८० लाख सीमेन्स प्रति मीटर असल्यामुळे हा नुसता मुलामा २ मिलिमीटर जाडीच्या कार्बन संमिश्राच्या तीसपट प्रवाह वाहू शकतो. जाळी असल्यामुळे आणि प्रवाहाला तिच्या चौकटींमधून नागमोडी जावे लागत असल्यामुळे हा फायदा बराच कमी होतो, तरीही प्रवाह कार्बनकडे न वळता जाळीला धरून पसरतो. जेथे वीज प्रत्यक्ष टेकते तेथे जाळी वाफ होऊन उडून जाते. तिने तसे जावे अशीच अपेक्षा असते. ॲल्युमिनियम तांब्याहून हलके असूनही बहुधा तांबेच निवडतात, कारण कार्बनला टेकलेले ॲल्युमिनियम ओलाव्यात बॅटरीच्या धनाग्र-ऋणाग्रासारखे वागून झिजून जाते. ॲल्युमिनियम वापरायचेच असेल तर मध्ये काचतंतूंचा पातळ थर घालावा लागतो. कार्बनच्या रचनेत बोल्ट टायटॅनियमचे दिसतात, त्यामागेही मुख्यतः हेच कारण आहे.

बोल्टचा प्रश्न स्वतंत्रपणे गंभीर आहे, कारण विमानाचे इंधन पंखांत असते. ८ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात एल्कटनजवळ पॅन ॲम कंपनीचे बोइंग ७०७ वीज पडल्यानंतर कोसळले आणि त्यातले सर्व ८१ जण मृत्युमुखी पडले. इंधनाच्या टाकीतल्या बाष्पाने विजेमुळे पेट घेतला, असा तपासाचा निष्कर्ष होता. ते विमान धातूचे होते. इंधनाची वाफ आणि हवा यांचे मिश्रण पेटायला एक मिलिज्यूलचा पाचवा भाग एवढी ऊर्जा पुरते, म्हणजे हाताला जाणवेल न जाणवेल अशा ठिणगीइतकी. कार्बनच्या पंखात प्रवाहाला एका भागातून दुसऱ्यात जायला बोल्ट हीच सोपी वाट असते, आणि बोल्ट व भोक यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी तेथे ठिणगी उडते, तापलेला वायू दाबाने टाकीत फेकला जातो. शिवाय कापलेल्या कडांवर उघडी पडलेली तंतूंची टोके वेगवेगळ्या विद्युतदाबावर येऊन चमकू शकतात. म्हणून भोकात घट्ट बसणाऱ्या धातूच्या नळ्या, बोल्टच्या आतल्या टोकावर सीलंटच्या टोप्या, कडांवर लेप, आणि टाकीतल्या हवेत नायट्रोजन सोडून प्राणवायूचे प्रमाण कमी करण्याची यंत्रणा असे एकावर एक बंदोबस्त केलेले असतात. यातला कोणताही एक उपाय चुकला तरी दुसऱ्याने सांभाळून घ्यावे, हा त्यामागचा विचार आहे, आणि तो योग्यच आहे.

कवचाला भोक पडले नाही, इंधनही सुरक्षित राहिले, तरी विजेचा आणखी एक परिणाम उरतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. समजा, ३० मीटर लांबीचे, १८ मीटर घेराचे आणि २ मिलिमीटर जाडीचे धड आहे आणि त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २ लाख अँपिअर वाहत आहेत. ओहमच्या नियमाने साधा हिशेब केला तर ॲल्युमिनियमच्या धडाच्या दोन टोकांत सुमारे ८ व्होल्टचा फरक पडतो. जाळी नसलेल्या कार्बनच्या धडात हाच फरक १६ हजार व्होल्टच्या पुढे जातो. हा कागदावरचा हिशेब आहे, खऱ्या विमानात जाळी, चौकटी आणि तारा यांच्यामुळे आकडा पुष्कळ खाली येतो. पण नाकातल्या उपकरणाला शेपटीतल्या उपकरणाशी जोडणाऱ्या तारेला कोणत्या जगात राहायचे आहे याची कल्पना त्यातून येते. त्यात चुंबकीय क्षेत्राची भर पडते. २ मिलिमीटर ॲल्युमिनियममधून क्षेत्राला आत झिरपायला सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात, आणि तोवर झटक्याचा जोर बराच ओसरलेला असतो. तेवढ्याच जाडीच्या कार्बनमधून ते मायक्रोसेकंदाच्या विसाव्या भागात आत येते, म्हणजे व्यवहारात लगेचच. त्यामुळे कार्बनच्या विमानात तारांवरची धातूची वेष्टणे अधिक भक्कम करावी लागतात, ती दोन्ही टोकांना नीट जोडावी लागतात, आणि उपकरणांना अधिक तीव्र झटके सोसण्याच्या कसोटीतून जावे लागते.

रोजच्या साध्या विद्युतपुरवठ्यालाही हाच अडथळा आहे. धातूच्या विमानात उपकरणाला एक तार पुरते आणि परतीचा प्रवाह कवचातून जातो. कार्बनच्या कवचातून तो नेला तर विद्युतदाब घसरतो, जोडणीच्या जागा तापतात, आणि एखादी तार उघडी पडून कवचाला टेकली तर प्रवाह इतका थोडा वाहतो की संरक्षक खटका पडतच नाही आणि ती जागा मात्र हळूहळू जळत राहते. बोइंग आणि एअरबस या दोघांनीही म्हणूनच धडाच्या आत धातूच्या पट्ट्या, तुळया आणि तारा जोडून वाहकांचे एक स्वतंत्र जाळे उभे केले आहे, ज्यात परतीचा प्रवाह, बिघाडाच्या वेळी उसळणारा प्रवाह आणि विजेचा काही भाग जाऊ शकतो. कार्बनमुळे वाचलेल्या वजनातून हे वजन वजा करावे लागते, ही बाब जाहिरातींत क्वचितच सांगितली जाते.

रेडिओ लहरींच्या बाबतीत कार्बनची बाजू त्या मानाने बरी आहे. उच्च वारंवारतेला तो चांगला अडसर ठरतो हे वर आलेच आहे. जमिनीवरच्या बलवान रडारपासून किंवा प्रक्षेपण केंद्रांपासून उपकरणांना असलेला धोका बराचसा सांधे, दारे आणि खिडक्यांच्या फटींतून येतो, आणि तो धातूच्या विमानातही असतोच. पण नेमक्या याच गुणामुळे विमानाच्या नाकाची टोपी, जिच्या मागे हवामानाचे रडार असते, ती कार्बनची करता येत नाही. ती काचेच्या किंवा क्वार्ट्झच्या तंतूंची करतात, कारण ते विसंवाहक आहेत आणि रडारच्या लहरी त्यांतून आरपार जातात. एकाच दिशेच्या तंतूंचा कार्बनचा पातळ थर तर समांतर तारांच्या जाळीसारखा वागतो: लहरीचे विद्युतक्षेत्र तंतूंना समांतर असेल तर ती परत फिरते, आडवे असेल तर तिचा बराच भाग पलीकडे जातो. अँटेनेखालच्या कवचात धातूची जाळी सलग ठेवतात ती अँटेनेला सर्व दिशांनी सारखा पाया मिळावा म्हणून. बर्फाचे कण घासून साचणारा स्थिर विद्युतभार हा त्याहून छोटा प्रश्न आहे. कार्बन तेवढे वाहकत्व सहज पुरवतो, काचतंतूंच्या भागांवर वाहक रंग देतात, आणि पंखांच्या मागच्या कडेवरच्या बारीक दांड्यांतून तो भार हवेत सोडून दिला जातो.

संशोधकांची खटपट जाडीच्या दिशेने वाट उघडण्याची आहे. राळेत कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या मिसळल्या, तर वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी प्रमाणात त्या एकमेकींना टेकून सलग जाळे तयार करतात आणि विसंवाहक राळ एकाएकी वीज वाहू लागते. अडचण अशी की एवढ्या थोड्या नळ्यांनीही राळ घट्ट होते, तंतूंच्या दाट जुड्यांमध्ये ती नीट शिरत नाही, आणि मिळणारी वाहकता स्थिर भार वाहून न्यायला पुरेशी असली तरी २ लाख अँपिअरसमोर ती काहीच नसते. तांब्याची जाळी म्हणूनच अजून जागेवर आहे. दुसरीकडे या पदार्थाचा मध्यम रोध उपयोगीही पडतो: तंतू तुटले की रोध वाढतो आणि त्यावरून नुकसान ओळखता येते, आणि कार्बनच्या कापडात बाहेरच्या कॉइलच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राने भोवरे प्रवाह, म्हणजे पदार्थातच गोल फिरणारे प्रवाह, निर्माण करून आतून उष्णता देता येते, ज्यामुळे वितळणाऱ्या प्लास्टिकचे भाग बोल्टशिवाय जोडले जातात. बोल्ट कमी म्हणजे टाकीत ठिणगीच्या जागाही कमी.

शेवटी या साऱ्याची परीक्षा दुरुस्तीच्या वेळी होते. कार्बनच्या कवचावर ठिगळ लावताना ताकद परत मिळवणे हे अर्धेच काम असते. तुटलेली जाळी नव्या जाळीशी पुरेशा रुंदीने जोडावी लागते आणि त्या सांध्याचा रोध मिलिओहममध्ये मोजून पाहावा लागतो. रंगाचीही तितकीच काळजी घ्यावी लागते. रंग विसंवाहक असल्यामुळे त्याचा थर जाड झाला तर विजेचा संपर्कबिंदू सहजपणे मागे सरकू शकत नाही, तो एकाच जागी अडकतो आणि सगळी उष्णता तेथेच ओततो. म्हणून जाळीवरच्या रंगाच्या जाडीला कमाल मर्यादा ठरवलेली असते, आणि विमानाला नवे रंगरूप देताना जुना रंग आधी काढावा लागतो, तोही असा की त्याच्या खालची अतिशय पातळ तांब्याची जाळी खरवडली जाणार नाही.